मंगळाचा जंतू आणि लोणारचं खारं पाणी

परग्रहावरच्या जिवाशी माणसाची गाठ पडणार म्हटलं की बहुतेकांना उडती तबकडी आठवते, नाहीतर रेडिओ संदेश. १९७४ साली अरेसिबोच्या दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाकडे असा संदेश धाडला गेला. तो पोचायलाच सुमारे २५ हजार वर्षं लागतील, तेव्हा उत्तरादाखल कोणी चाल करून येईल ही धास्ती आपल्या पिढीने तरी बाळगायला नको. शक्यता जास्त आहे ती मुक्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची आणि तीही शेजारच्या ग्रहावर. त्या भेटीत आपल्याला धोका आहेच, पण आपल्यामुळे त्या जिवाला आणि त्याच्याविषयीच्या ज्ञानाला असलेला धोका मला अधिक मोठा वाटतो. हे समजून घ्यायला अमरावती विभागाबाहेर जावं लागत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. मंगळाची जमीनही बरीचशी बेसॉल्टची आणि विवरांनी भरलेली, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारकडे वळतात. आघाताच्या प्रचंड दाबाखाली फेल्डस्पार खनिजापासून मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ बनतो. तो लोणारच्या दगडांत सापडला आहे आणि १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीजवळ पडलेल्या, मंगळावरून आलेल्या उल्केतही. सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास. अकोल्या-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यातल्या शेतकऱ्याला असं पाणी पिकाच्या किती कामाचं, हे सांगायला नको. तरीही लोणारात निळ्या-हिरव्या शैवालांपासून मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांपर्यंत मोठी वस्ती आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात मीठप्रिय हॅलोआर्किया आढळले. पाणी आटलं, क्षार वाढले आणि एरवी नजरेत न भरणारे हे जीव फोफावले. मंगळावर जेझेरो विवरातही कधीकाळी सरोवर होतं. तिथे २०२१ पासून नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी फिरते आहे आणि २०२४ मध्ये तिला एका दगडावर सापडलेले ठिपके ही जिवाची संभाव्य खूण मानली जाते. पण जिवाशिवायही असे ठिपके होऊ शकतात. निकाल लावायचा तर नमुना पृथ्वीवर आणावा लागेल, आणि गुंता तिथूनच सुरू होतो: त्यात सापडलेला जीव तिथला की आपणच मिसळलेला?

या गुंत्याचा अनुभव भारतीय शास्त्रज्ञांनी घेतला आहे. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करण्यात आली. २००५ च्या उड्डाणातल्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं गेलं. उपकरणं निर्जंतुक करण्याची पराकाष्ठा करूनही हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत, असा निर्वाळा संशोधकांनी दिला नाही. त्यांचा हा संयम मला शोधाइतकाच मोलाचा वाटतो. असाच गुंता लोणारातही आहे. तिथे गावाचं सांडपाणी उतरत राहिलं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. मूळचं कोणतं आणि आपण मिसळलेलं कोणतं, हे वेगळं काढणं अशा पाण्यात अवघड होत जातं. मंगळावर हीच चूक झाली, तर दुसरं लोणार मिळणार नाही.

आता उलट धोका, मंगळावरून आणलेल्या नमुन्याचा. त्यावर पहिला आक्षेप असा की शेरघाटीसारखे मंगळाचे दगड पृथ्वीवर पडतच आले आहेत, काय बिघडलं? पण ते दगड बहुधा लाखो वर्षं किरणोत्सर्गात भटकून येतात, आणि सीलबंद नळीतला नमुना काही महिन्यांत, जपून आणलेला असेल. दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे: मंगळाच्या जंतूला माणसाच्या पेशीची ओळखच नाही, तो रोग कसा देणार? विषाणूंपुरतं हे मान्य. मात्र लोणारचे कित्येक सूक्ष्मजीव कोणाच्याही शरीरावाचून क्षार आणि वायूंवर जगतात. तसला पाहुणा आपल्या मातीत किंवा समुद्रात रुजला, तर नुकसान करायला त्याला रोग देण्याची गरजच नाही. ही शक्यता अगदी लहान आहे, हे खरं. पण एकदा पसरलेला सूक्ष्मजीव परत गोळा करता येत नाही, म्हणून लहान शक्यतेसाठीही कडेकोट प्रयोगशाळा बांधणं मला वाजवी वाटतं.

राहिला यानं निर्जंतुक करण्याच्या खर्चाचा मुद्दा. १९७६ साली मंगळावर उतरलेली व्हायकिंग यानं उड्डाणापूर्वी सुमारे ११२ अंश सेल्सियसला ३० तास तापवली होती, आणि तेवढा खटाटोप महागच पडतो. माणसाला तर भट्टीत घालता येत नाही, आणि त्याच्या पोटातच जंतूंची अख्खी वसाहत असते. म्हणून माणूस मंगळावर उतरण्याआधी तिथल्या बर्फाळ आणि खोल जागा यंत्रांनी तपासून घ्याव्यात. घाई असलेल्या उद्योगपतींना हे रुचणार नाही. १९६७ च्या अंतराळ कराराचं नववं कलम परग्रहांचं दूषण टाळायला सांगतं आणि सहावं कलम खासगी उड्डाणांची जबाबदारीही सरकारांवरच टाकतं, पण निर्जंतुकीकरण किती कडक असावं याचा आकडा करारात नाही. भारत या करारात आहे, आणि मंगळावर उतरण्याचा मनोदय इस्रोनेही व्यक्त केला आहे. ते यान किती अंशांवर तापवायचं, हे आराखडा पक्का होण्याआधीच ठरवावं लागेल.