पत मुरबाडच्या शेटांची

मुंबईच्या फोर्ट भागात गनबो स्ट्रीट नावाचा एक रस्ता होता. आता त्याचं नाव रुस्तम सिधवा मार्ग आहे. गनबो हे नाव कुणा गोऱ्या साहेबाचं वाटतं, पण ते गणबाशेट नावाच्या मराठी व्यापाऱ्यावरून पडलं, असं मुंबईच्या जुन्या स्थळनामांवर लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे. गणबाशेटचा मुलगा बाबुलशेट, बाबुलशेटचा शंकरशेट आणि शंकरशेटचा जगन्नाथ, म्हणजेच नाना शंकरशेट. घराण्याचं आडनाव खरं तर मुरकुटे, ज्ञाती दैवज्ञ ब्राह्मण. पण व्यापारात बापाचं नाव हीच ओळख असे. त्यामुळे दर पिढीला बापाचं नाव पुढे लागत गेलं आणि मुरकुटे मागे पडलं.

हे घराणं मूळचं ठाणे जिल्ह्यातलं. घोडबंदरच्या बाजूनं अठराव्या शतकात ते मुंबईत आलं, तरी नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी मुरबाडला झाला. नानांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा थेट गिरगावातल्या वाड्यापासून सुरुवात करतो. मुरबाडचा उल्लेख जन्मस्थळ म्हणून एका ओळीत येतो आणि संपतो. ते बरोबर नाही. हे घराणं ज्या पैशावर आणि ज्या पतीवर उभं राहिलं, ती समजून घ्यायची तर आधी हा मुलूख पाहायला हवा.

कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. तिथून निघालेला माल मुरबाडवरून नाणेघाटाच्या पायथ्याशी जाई आणि घाट चढून जुन्नरला पोचे. नाणेघाटातली सातवाहनांची लेणी, तिथला शिलालेख आणि तोंडाशी असलेला दगडी रांजण आजही पाहता येतो. या रांजणात जकातीची नाणी टाकत, असं लोक सांगतात. पुढच्या शतकांत राज्यं बदलली, वाट तीच राहिली. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर कोकणातलं मीठ वर न्यायचे आणि देशावरचं धान्य खाली आणायचे. मुरबाड-कल्याणचा भात खाडीमार्गे मुंबईला जाई. अशा वाटेवरच्या गावातला सावकार किंवा सराफ म्हणजे नुसता दुकानदार नव्हे. तांडेवाल्याला उचल द्यायची, पिकावर पैसे लावायचे, एका गावची हुंडी दुसऱ्या गावी वटवायची, सोनंनाणं पारखायचं, हे सगळं त्याच्याच पेढीवर होई. लेखी करारापेक्षा शब्दाला किंमत होती. शब्द मोडला की पुढच्या हंगामात त्याच्या दारात कोणी उभं राहत नसे.

बाबुलशेट आणि शंकरशेट यांनी हाच धंदा मुंबईत मोठ्या प्रमाणावर केला. 1799 मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाला. त्या युद्धाच्या काळात शंकरशेटनी मोठी संपत्ती मिळवली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. लढाई कंपनीची आणि नफा पेढीचा, हा त्या काळच्या व्यापाऱ्यांचा रिवाजच होता. त्यात शंकरशेट काही वेगळे नव्हते. 1822 मध्ये ते वारले, तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. वारशात पैसा आला, जमीन आली, गिरगाव-ताडदेव भागातल्या मिळकती आल्या. त्याहून मोठी गोष्ट आली ती पत. अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपला ऐवज पेढ्या-बँकांऐवजी नानांकडे ठेवायला येत, अशी त्यांची ख्याती होती. हा विश्वास नानांनी धंद्यापुरता ठेवला असता, तर ते गडगंज शेटजी म्हणून गेले असते आणि आज त्यांचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

नानांनी हीच पत सार्वजनिक कामात गुंतवली. एखादं काम मनात आलं की ते मुनीमाच्या सवयीनं कामाला लागत. कोणाचे पैसे लागतील, कोणाचं नाव लागेल, जागा कुठे मिळेल आणि साहेबाकडे अर्ज कोण नेईल, हे आधी ठरे. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात उभ्या राहिलेल्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीत ते विशीतच पुढे होते. याच संस्थेत बाळशास्त्री जांभेकरांनीही काम केलं. 1827 मध्ये एल्फिन्स्टन मुंबई सोडून गेले, तेव्हा त्यांचा पुतळा उभारून भागवण्यापेक्षा शिक्षणासाठी निधी जमवायचा ठरलं. त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. पुढे नाना शिक्षण मंडळाचे सभासद झाले. मंडळाचे अध्यक्ष सर एर्स्किन पेरी यांचा आग्रह उच्च शिक्षण इंग्रजीतून देण्यावर आणि पैसाही त्यावरच खर्चण्यावर होता. नानांनी याला लेखी विरोध केला. बहुसंख्य लोकांपर्यंत शिक्षण न्यायचं तर ते त्यांच्या मातृभाषेतूनच जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत होते, साहेबांच्या पंक्तीला बसत होते. तरी हा वाद त्यांनी आपल्या बाजूच्या लोकांसाठी घातला. दीड-पावणेदोनशे वर्षांनंतर आपण तोच वाद घालतो आहोत, हे मात्र नानांच्या श्रेयात धरायचं की आपल्या अपयशात, हा प्रश्न आहे.

मुलींच्या शाळेची गोष्ट अशीच. 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि लगेच मुलींच्या शाळा सुरू करण्याचं ठरवलं. पोरांकडे उत्साह होता, जागा नव्हती. नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. त्या काळी मुलीला शाळेत घालणं म्हणजे घरावर संकट ओढवून घेणं, असं सनातनी मानत. विरोध झाला, टीका झाली. पण शेटच्या वाड्यात भरणारी शाळा बंद पाडायची कशी? तिथेही पत उपयोगी पडली.

शेतकरी म्हणून नानांची नोंद फारशी कोणी घेत नाही. नांगर हाती धरणाऱ्यांतले ते नव्हते. जमीनदार होते. पण पश्चिम भारतातल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या कामात ते पुढाकारानं होते आणि भायखळ्याची राणीची बाग याच वर्तुळातून वाढली. 1862 मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष नाना आणि चिटणीस डॉ. भाऊ दाजी लाड. आज ते संग्रहालय भाऊ दाजींच्या नावानं ओळखलं जातं.

आता रेल्वेकडे वळू. ठाणेकरांच्या मनात नाना आहेत ते यामुळेच. 1843 पासून मुंबईतून बाहेर रेल्वे नेण्याच्या कल्पना इंग्रज अभियंत्यांच्या डोक्यात घोळत होत्या. 1845 मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन करून त्यांना देशी पाठबळ दिलं. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी उभी राहिली. 1849 मध्ये तिला कायद्याचं रूप आलं आणि मुंबईच्या संचालकांत या दोघांची नावं आली. 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि 21 तोफांची सलामी. अंतर 21 मैल, म्हणजे 34 किलोमीटर. त्या गाडीत नानाही होते. रेल्वेचं पहिलं कार्यालय त्यांच्याच वाड्यात होतं, असं गिरगावकर सांगतात.

कौतुक करताना एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारनं दिली होती. तोटा आला तर भरून द्यायचा हिंदुस्थानच्या तिजोरीनं, म्हणजे मुरबाडसारख्या मुलखातल्या सारा भरणाऱ्या रयतेनं. भागधारकांना नफा आणि रयतेला जोखीम, हा सौदा दादाभाई नौरोजींपासून अनेकांनी पुढे सोलून काढला. नानांनी त्या वेळी तो कसा तोलला असेल, हे त्यांच्या पेढीच्या वहीत नसणार.

1 मे 1854 रोजी लोहमार्ग ठाण्याच्या खाडीवरचे पूल आणि मुंब्र्याच्या डोंगरातले बोगदे पार करून कल्याणला पोचला. तिथून त्याच्या दोन फांद्या फुटल्या. एक 1855 मध्ये वाशिंदकडे आणि पुढे थळ घाटातून इगतपुरीकडे. दुसरी 1856 मध्ये खोपोलीकडे आणि पुढे बोर घाटातून पुण्याकडे. बोर घाटाचा मार्ग 1863 मध्ये आणि थळ घाटाचा 1865 मध्ये खुला झाला. नकाशा उघडून पाहा. या दोन फांद्यांच्या मधोमध मुरबाड आहे. रेल्वे दोन्ही बाजूंनी घाट चढून गेली आणि मधला नाणेघाट-माळशेजचा रस्ता ओस पडू लागला. मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यांना काम उरलं नाही. कल्याण मोठं जंक्शन झालं. दोन-अडीच दशकांनी डोंबिवलीलाही स्थानक आलं आणि पुढे ते नोकरदारांचं शहर झालं. ज्या वाटेनं शेटांची पेढी मोठी झाली, ती वाट मात्र त्यांच्याच रेल्वेनं मागे टाकली.

राजकारणातही नानांनी तोच हिशेबीपणा दाखवला. 1830 च्या दशकात ते जस्टिस ऑफ द पीस झाले. कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण 1853 मध्ये व्हायचं होतं. त्याआधी 26 ऑगस्ट 1852 रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. नाना अध्यक्ष आणि त्यांचे चिरंजीव विनायकराव व भाऊ दाजी हे चिटणीस. असोसिएशननं ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला आणि कंपनीच्या कारभारातले दोष मांडले. अर्जाची भाषा काही श्रीमंत सभासदांना फार कडक वाटली आणि ते बाजूला झाले. नाना राहिले. 1857 च्या उठावात त्यांच्यावरही संशयाची नजर गेली, पण त्यातून काही निष्पन्न झालं नाही. पाच वर्षांनी, 1862 मध्ये, मुंबईच्या कायदे कौन्सिलमध्ये त्यांची नेमणूक झाली. संशय घेणारं सरकारच आता त्यांचा सल्ला घेत होतं.

कौन्सिलमधली त्यांची वर्षं थोडी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले होते, मुंबईत पैशाला पूर आला होता आणि शेअरचा सट्टा शिगेला पोचला होता. 1 जुलै 1865 या वायद्याच्या दिवशी तो फुगा फुटला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या 31 तारखेला नानांनी देह ठेवला. बाजारात पत उरलेले फार थोडे होते, त्या दिवसांत गेलेला हा माणूस पत हेच भांडवल मानून जगला होता.

त्यांच्या मागे मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली. शिकल्यासवरल्या मराठी घरांत ती मिळवणं म्हणजे पोराचं भाग्य उजळलं, असं कित्येक पिढ्या मानलं गेलं. 1912 मध्ये ती मिळवणारा मुलगा म्हणजे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख. विनायकरावांनीही सार्वजनिक कामं केली, पण वडिलांच्या उंचीची नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत नानांचा संगमरवरी पुतळा आहे. गंगाधर गाडगीळ यांनी त्यांच्या आयुष्यावर 'प्रारंभ' ही मोठी कादंबरी लिहिली.

2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचं नाव देण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. चांगलं झालं, उशिरा झालं. पण नानांचं गाव मुरबाड कल्याणपासून सुमारे 30 किलोमीटरवर आहे, त्याला जोडणाऱ्या रेल्वेची मागणी जुनी आहे आणि तिथे अजून रूळ पोचलेला नाही. पाट्या बदलणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा मांडावा. तोवर मुरबाडला जायचं तर कल्याणला उतरून एसटी पकडावी लागते.