टिटवीच्या पायाखालची जमीन

मराठीच्या प्राध्यापकाने पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या वाटेस जाऊ नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. ते मी ऐकले असते तर माझी फजिती टळली असती. पण ती टळली असती, तर टिटवी म्हणजे काय हे मला जन्मभर कळले नसते.

त्याचे असे झाले. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात काचेच्या कपाटांतून जुने पक्षी मांडलेले आहेत. प्रदर्शनासाठी त्यांच्या मराठी चिठ्ठ्या लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. 'टिटवी' अशी चिठ्ठी लिहून मी वर पाहतो, तो टिटवी जिच्यावर उभी होती ती फांदी किडीने पोखरून भुसभुशीत झालेली! विभागप्रमुख म्हणाले, "दर दिवाळीला तुम्ही मुलांसाठी किल्ला करता, गणपतीत देखावा करता. एवढी बैठक नवी करून द्या की!" स्तुतीने कोण फुगत नाही? मी हो म्हणालो.

एक खुलासा आधीच करतो. ही टिटवी फार जुनी, कॉलेजच्या दप्तरात नोंद असलेली. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. हौसेखातर पक्षी मारून दिवाणखान्यात मांडणे आता गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. शिवाय जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण चोळीत. त्यामुळे अशा जुन्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवायचे नाही. हातमोजे घालायचे, नाकातोंडावर फडके बांधायचे. आणि 'पेंढा भरणे' हा आपला नुसता शब्दप्रयोग. आत पेंढा क्वचितच असतो. तारांभोवती काथ्या-कापूस गुंडाळून शरीर बनवतात आणि त्यावर कातडे चढवतात.

पक्ष्याला त्याच्या घरासकट दाखवण्याची कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडात ब्रायटन येथे एडवर्ड बूथ ह्या गृहस्थाने 1874 साली आपल्या पक्ष्यांचे संग्रहालय उभारले आणि प्रत्येक पेटीत कडा, दलदल, गवत असा ज्याचा त्याचा मुलूख रचला. अमेरिकेत कार्ल एकली ह्यांनी 1890 साली मिलवॉकीच्या संग्रहालयासाठी पाणउंदरांचे बिळांसह दृश्य केले. आपल्या मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातही रोहित, धनेश, गवा, वाघ आपापल्या रानात उभे आहेत. त्याच संग्रहालयाच्या निसर्गविभागात 1926 साली तरुण सालिम अली लोकांना प्राणिपक्ष्यांची माहिती सांगण्याच्या नोकरीवर होते.

हे सारे वाचून मी उत्साहाने कामाला लागलो. फळीवर जाळी ठोकली, कागदाचा लगदा थापून उंचवटा केला, त्यावर किल्ल्यावर लावतो तसे हिरवेगार शेवाळ चिकटवले. अंगणातले ताजे गवत खोवले, वर एक वळणदार फांदी बसवली. टिटवी अजून ठेवायची होती, एवढ्यात प्रयोगशाळेतले मामा आले. मामा म्हणजे विभागाचे जुने सेवक. तीस वर्षे ह्या पक्ष्यांची धूळ त्यांनीच झटकली, आणि त्या महिन्याअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले,

"सर, ही टिटवी झाडावर कशी बसायची?"

"का? आधीही फांदीवरच होती की!"

"आधीबी चुकलंच होतं. तिचा मागचा अंगठा बघा. नखाएवढा. फांदी धरायची कशानं? भुईवरचं पाखरू हाय ते."

"मग इतक्या वर्षांत सांगितले का नाहीत, मामा?"

"कुणी विचारलंच न्हाई, सर."

मी गप्प झालो. वीस वर्षे मी वर्गात पंचतंत्रातली टिटवी शिकवली. समुद्राने अंडी नेली म्हणून समुद्राशी वैर मांडणारी ती टिटवी! आभाळ कोसळेल म्हणून ती पाय वर करून झोपते, ती उंचावर अंडी घालील त्या वर्षी पाऊस जोराचा, हे सारे मला तोंडपाठ. पण तिचे पाय मी एकदाही पाहिले नव्हते.

दोनच दिवसांत माझ्या बैठकीने उरलीसुरली अब्रूही घालवली. ओल्या गवताचा दमटपणा काचेच्या पेटीत कोंडला, काचेला घाम फुटला आणि लगद्यावर बुरशी आली. त्या गवतातून दोन किडेही निघाले. पक्षी आत असता तर किड्यांनी पिसांवर ताव मारला असता. मी सगळे उपसून टाकले.

त्या रविवारी सकाळी मामा मला पाषाण तलावाकडे घेऊन गेले. मे महिना, तापलेला मुरूम, करपलेले गवत. लांबूनच 'टिटिव् टिव् टिव्' असा कलकलाट करीत एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागली. मामांनी माझा दंड धरला. "अंडी हाईत जवळपास. मागं सरा." आम्ही पुष्कळ मागे जाऊन बाभळीखाली बसलो. टिटवी उतरली, पिवळ्या काटकुळ्या पायांनी तुरुतुरु धावली, थांबली, पुन्हा धावली आणि उघड्या मुरमावर बसली. बसली म्हणजे दिसेनाशीच झाली! लाल कल्ल्यामुळे तेवढी ओळखू येई. काही वेळाने ती उठली, तेव्हा विभागाच्या दुर्बिणीतून मला चार अंडी दिसली. काडीकाटक्यांचे घरटे नाही. नुसती खळगी, कडेला चार खडे. मातकट अंड्यांवर काळे ठिपके, निमुळती टोके आत वळलेली. मामा म्हणाले, उन्हाचा कहर झाला की ही पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. पुढे पुस्तकांत पाहिले, तेही हेच सांगतात.

मग मात्र आम्ही दोघांनी मिळून बैठक केली. मुरूम परतीच्या वाटेवरून, रस्त्याच्या कडेचा आणला, चाळला आणि लोखंडी तव्यावर खरपूस भाजला, म्हणजे त्यातली कीड मरते. गवत आठ दिवस उन्हात खडखडीत वाळवले. उंचवटा अगदी बेताचा ठेवला, कारण माळ कधी डोंगरासारखा नसतो. लगद्यात सरस आणि खडूची भुकटी घातली आणि तो ओला असतानाच मुरूम दाबून बसवला. दगड वर ठेवायचे नाहीत, निम्मे पुरायचे. जमिनीवर ठेवलेला दगड आणि जमिनीतून आलेला दगड ह्यांतला फरक डोळ्याला लगेच कळतो. रंगासाठी गेरू आणि काव पुरली. पायांतल्या तारा भोकांतून खाली ओवून फळीखाली वाकवल्या आणि बोटांभोवती किंचित मुरूम सारला, म्हणजे पक्षी ठेवलेला न वाटता आपल्या भाराने उभा वाटतो. खरी अंडी आणणे हा अपराध. म्हणून चार अंडी प्लास्टरची केली आणि ठिपके मामांनी दिले. शेवटी चुन्याच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने दोनचार पांढरे शिंतोडे उडवले. मी तोंड वाकडे केले, तर मामा म्हणाले, "पाखरू राहतं तिथं हे असायचंच, सर."

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेची मुले आली. चिठ्ठीवर मी एवढेच लिहिले होते : 'टिटवी. उन्हाळ्यातला माळ. अंडी शोधा.' पाचसात मुलांनी नाके काचेला लावली. "कुठायत? नाहीतच!" आणि मग एक चिमुरडी एकदम ओरडली, "सापडली! चार!" मामा बाजूला उभे होते. ते काही बोलले नाहीत. मुलांच्या हातांचे डाग मात्र त्यांनी लगेच फडक्याने पुसले. चार दिवसांनी ते निवृत्त झाले.

आमच्या घरच्या किल्ल्यावर यंदाही अळीव पेरला आहे. पण पायथ्याशी हातभर जागा मी कोरडी राखली; तिथे नुसता मुरूम पसरला आणि चार खडे मांडले. सौभाग्यवतींनी विचारले, "हे अर्धवट का ठेवलंत?"

मी म्हणालो, "अर्धवट नाही. तिथे टिटवी राहते."