मुख्यालयाचे स्थान : नरिमन पॉइंट आणि जालना

मुंबईत समुद्रात भराव घालून उभ्या राहिलेल्या नरिमन पॉइंटवरील मनोऱ्यांत कंपन्यांनी कार्यालये थाटली, ती मंत्रालय, बँका व शेअर बाजार यांच्या सान्निध्यासाठी. कुंडलिकेच्या दोन तीरांवर जुना व नवा जालना असे वसलेल्या या बाजारपेठेत १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या महिकोची गरज निराळी होती. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात मादी वाणाच्या फुलांतील पुंकेसर हाताने काढून परागीकरण करावे लागते. इतर वाणांपासून अंतरही राखावे लागते. ही देखरेख विसाव्या मजल्यावरून होत नाही. म्हणून मुंबईत कार्यालय असूनही कामाचा गाभा जालन्यातच राहिला. जिल्ह्याची प्रगती इमारतींच्या उंचीवरून मोजणाऱ्यांनी हे उदाहरण अभ्यासावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.