आईला कळतं ते आणि भगताला दिसतं ते

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक अंगणात पाऊल टाकते आणि आई विचारते, "काय व्हयनं व माय?" लेक अजून काही बोललेलीही नसते, उलट हसतच आलेली असते. तरी आईला कळलेलं असतं. जळगावपासून धुळ्यापर्यंत अशा आया घरोघरी आहेत. शेजारपाजार त्यांच्याबद्दल कौतुकानं म्हणतो, "तिला सगळं आधीच दिसतं बरं!" पंचक्रोशीत एखादा भगतही असतो आणि लोक म्हणतात की त्यालाही सगळं दिसतं. या दोघांना एकाच पंगतीत बसवलं की घोटाळा सुरू होतो. त्याची किंमत बहुतेक वेळा आजारी माणूस मोजतो, नाहीतर एकटी पडलेली बाई. या घोटाळ्यामागचे गैरसमज एकेक करून पाहू.

"न सांगता कळलं, म्हणजे काहीतरी दैवी आहे."

आईनं काय काय पाहिलं, ते जरा जवळून बघू. दरवर्षी आठ दिवसांचे कपडे घेऊन येणारी लेक यंदा एकच पिशवी घेऊन आलेली आहे. खापरावरची पुरणपोळी पानात पडली, पण पहिला घास तोंडात घोळतोच आहे. निंबाला झोका बांधलाय, मैत्रिणी हाका मारताहेत आणि ही म्हणते, "तुम्ही व्हा पुढं." मोबाइल वाजला की आधी नाव बघते, मग पालथा ठेवते. यातलं काहीच आईनं मोजून-मापून टिपलेलं नसतं. या लेकीची लहानपणापासूनची चाल, आवाज आणि रुसवे तिच्या मनात साठलेले असतात. आज त्यात कुठंतरी फरक पडला, एवढं मेंदूनं क्षणात हेरलं. हेरलं कसं, हे तिचं तिलाही सांगता येत नाही. म्हणून ते आभाळातून आल्यासारखं वाटतं.

आता तिला काय कळलं नाही, तेही बघा. लेकीच्या मनावर ओझं आहे, एवढंच कळलं. ते नवऱ्याच्या गेलेल्या नोकरीचं, दवाखान्यातल्या एखाद्या रिपोर्टचं की सासरच्या बोलण्याचं, हे काही कळलं नाही. म्हणून तर ती विचारते.

दुसऱ्याच्या मनाची अवस्था ओळखणं आणि तिचा थोडा अंश स्वतःही अनुभवणं, याला मानसशास्त्रात समानुभूती म्हणतात. तिला चेहरा लागतो, आवाज लागतो, सहवास लागतो. अतींद्रिय शक्तीचा दावा याच्या अगदी उलट असतो. समोरचा माणूस न पाहता, न ऐकता, त्याची काहीही माहिती नसताना त्याच्या पोटातलं आणि पुढच्या वर्षातलं मला कळतं, असं दावा करणारा सांगतो. दोन्हींत फरक करायची साधी रीत म्हणजे मध्ये पडदा टाकून बघायचं. पडद्याआड, आवाजही न ऐकता, पाच अनोळखी पोरींमधली दुःखी कोण हे आई सांगू शकणार नाही. त्यात तिचं काहीच उणं होत नाही, कारण तिनं तसा दावा कधी केलेलाच नसतो.

"बैलालासुद्धा कळतं, मग माणसाला का नाही?"

नंदीबैलवाला दारात येतो, ढोलकं घुमवतो आणि विचारतो, "पाऊस पडेल का? पोरगी पास होईल का?" बैल मान हलवतो. पोरं खूश होतात, आजी सुपातून धान्य घालते. बैल मान हलवतो ती मालकाच्या इशाऱ्यावर, हे गावाला ठाऊक असतं आणि मालकही फार लपवत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत मात्र थोरामोठ्यांची फसगत झाली. बर्लिनमधले निवृत्त गणितशिक्षक विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून द्यायचा. मालक प्रामाणिक होता आणि जाणकारांनाही त्यात लबाडी सापडेना. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं वेगवेगळ्या प्रकारे चाचण्या घेतल्या आणि 1907 मध्ये निष्कर्ष मांडले. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर घोडा चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर व्हायचं. त्याचं त्यालाही ते कळायचं नाही, पण घोडा तेवढ्यावर थांबायचा.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण इथं कुणीच खोटारडं नाही. घोडा खरोखरच हुशार होता, फक्त त्याची हुशारी गणितातली नव्हती. त्याला माणसाचं शरीर वाचता येत होतं. "मला दिसतं" असं मनापासून मानणाऱ्या कित्येक माणसांचंही असंच असतं. त्यांची नजर तयार असते, समोरच्याची हालचाल ते टिपतात, आणि उत्तर आतून आल्याचा भास होतो. मग लोक पाया पडू लागतात आणि भासाचा दावा व्हायला वेळ लागत नाही.

"पण त्यानं माझ्या घरातलं अगदी खरं सांगितलं!"

सांगितलं असेल. "घरात पैसा येतो पण टिकत नाही, जवळच्याच माणसानं मन दुखावलंय, तुम्ही सगळ्यांसाठी करता पण तुमची कदर होत नाही." कुडमुड्या जोशाची ही वाक्यं पारोळ्यात खरी ठरतात आणि शिरपुरातही. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांना "हे खास तुमच्या स्वभावाचं वर्णन" म्हणून एकेक कागद दिला आणि तो किती जुळतो याला 5 पैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी 4.26 आली. सगळ्यांच्या हातात मजकूर एकच होता.

अंगात येण्याबद्दलही इथंच बोलायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई देवी बसते, नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी चालतात. त्यात एखाद्या बाईच्या अंगात येतं. ती नाटक करते, असं मी म्हणणार नाही. जागरण, उपास, ताल आणि दाटून आलेली भक्ती यांनी भान हरपतं, आणि तो अनुभव तिच्यापुरता खरा असतो. पण त्या अवस्थेत ती जे बोलते ते बहुधा गावानं आधीच कुजबुजलेलं असतं. भान हरपण्यानं नवी माहिती मिळत नाही, मनात दबलेली बाहेर पडते.

दाव्यांची तपासणी आपल्याकडेही झाली आहे. 2008 मध्ये डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या. काही हुशार मुलांच्या होत्या, काही मतिमंद मुलांच्या. कुठली पत्रिका कुणाची, एवढंच ओळखायचं होतं. सर्वांत चांगला निकाल 40 पैकी 24 आला, आणि सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. नाणं उडवूनही साधारण तेवढंच हाती लागलं असतं. मुलं समोर बसवली असती तर कुठल्याही अंगणवाडी ताईंनी यापेक्षा कितीतरी जास्त ओळखली असती.

"माझं मन कधी खोटं सांगत नाही."

भगताकडे कधीच न जाणाऱ्या माणसांचाही हा गैरसमज असतो, आणि मला तो सगळ्यांत घातक वाटतो. दुसऱ्याच्या मनात नेमकं काय चाललंय हे किती अचूक ओळखता येतं, याचा अभ्यास विल्यम इक्स या मानसशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं केला. अनोळखी माणसांना साधारण एक पंचमांशच ओळखता येतं. जिवलग मित्र आणि नवरा-बायकोही एक तृतीयांशाच्या फारसे पुढं जात नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही बरंचसं विचारावंच लागतं.

आणि जिथं ओळखच नाही, तिथं "मनाला वाटलं" याचा अर्थ पुष्कळदा फक्त भीती वाटली, एवढाच असतो. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजार भरला होता. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाला "तसे वाटले". ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारलं. भावना एकाकडून दुसऱ्याकडे पसरते, हे समानुभूतीचंच एक मूळ आहे. पण नुसती पसरलेली भावना म्हणजे समानुभूती नव्हे. तुम्ही कोण, कुठले, असं विचारून उत्तर ऐकून घेतलं असतं, तर ते पाच जण आपल्या घरी गेले असते.

सातपुड्याच्या पट्ट्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात, तेव्हाही हेच होतं. कुणाचं पोर दगावलं, भगताला "दिसलं", आणि एका बाईचं जगणं संपलं.

"असल्या गोष्टींना विरोध म्हणजे देवधर्माला विरोध."

तसं नाही. जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो पूजा, कीर्तन, वारी, कानबाईचे रोट यांना हात लावत नाही. अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून भीती घालणं, कुणी करणी करतो असं सांगून त्याला छळणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र घालणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. कापसाच्या शेतात साप चावल्यावर भगताकडे गेलेला तास परत मिळत नाही.

आणि देवधर्माचंच म्हणाल, तर आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) आठवाव्यात. अक्षरओळख नसलेली ही शेतकरीण सुगरणीच्या खोप्यापासून जात्यातल्या दाण्यापर्यंत सगळ्यांच्या जिवाशी एकरूप झाली. त्यांच्या नावानं आज जळगावात विद्यापीठ आहे. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या याच बाईनं एका कवितेत ज्योतिषाला बजावलंय की माझा हात पाहू नकोस, माझ्या दारी येऊ नकोस. दुसऱ्याचं दुःख इतकं कळणाऱ्या माणसाला भविष्य सांगणाऱ्याची गरज वाटली नाही, याचा मला फार आधार वाटतो.

"मी दुसऱ्यांची ऊर्जा ओढून घेते."

हे हल्ली शिकल्यासवरलेल्यांत ऐकू येतं. कुणाच्या मयताला जाऊन आल्यावर दोन दिवस सुन्न होणारी, दवाखान्यात पेशंटजवळ बसून स्वतःच आजारल्यासारखी होणारी माणसं खरोखर असतात. त्यांना कसली ऊर्जा चिकटत नाही. त्यांची समानुभूती जास्त तीव्र असते आणि थकवाही खरा असतो. नर्स, आशाताई, शिक्षक यांच्यात तो बराच दिसतो. त्याला दृष्ट काढणं किंवा महागडा खडा हा उपाय नाही. झोप हवी, कामाची वाटणी हवी, आणि हे दुःख माझं नाही, मी फक्त सोबत आहे, असं स्वतःला सांगता यायला हवं. ते जमत नसेल, किंवा कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठावा. घराबाहेर पडणं अवघड असेल तर 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. पलीकडचा समुपदेशक तुमच्याबद्दल काहीच ओळखून दाखवणार नाही. तो नाव विचारेल, झोप लागते का विचारेल आणि तुमचं सांगून होईपर्यंत ऐकेल.