कॉम्प्युटरला कुणालाच ओळखता येणार नाही असा आकडा सुचतो कसा? गोंदियाच्या मामा तलावावरून समजून घ्या

गोंदियाच्या बाजारातला धान व्यापारी मोबाईलवरून पैसे पाठवतो. तिकडे अर्जुनी मोरगावची विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरते. दोघांचीही माहिती कुलूपबंद होऊन निघते. या कुलपाची किल्ली म्हणजे मशीनने तयार केलेला एक भलामोठा आकडा. तो दुसऱ्या कुणाला ओळखता आला, तर कुलूप असून नसल्यासारखंच.

अडचण अशी की, कॉम्प्युटर सांगितलेलं काम सांगितल्या क्रमाने करतो. सुरुवात तीच असेल, तर उत्तरही दरवेळी तेच येतं. मग कुणालाच अंदाज येणार नाही असा आकडा तो आणतो कुठून?

आधी मामा तलाव समजून घेऊ

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. कोहळी समाजाने असे अनेक तलाव बांधले, नवेगावबांध हा त्यातला नावाजलेला. शिवारातले छोटे-मोठे ओहोळ पाळीमागे अडवायचे आणि धानाला गरज पडेल तेव्हा पाणी सोडायचं, अशी ही रीत.

ऑपरेटिंग सिस्टीमही असाच एक तलाव राखते. त्याला ‘एन्ट्रॉपी पूल’ म्हणतात. कीबोर्डचं बटण नेमकं कधी दाबलं, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, असे सूक्ष्म फरक त्यात सतत मिसळले जातात. या साठ्यातून मग किल्ल्यांसाठी आकडे तयार होतात. लिनक्समध्ये ही सोय १९९४ मध्ये थिओडोर त्सो यांनी आणली.

तलाव कोरडा असेल तर?

नवा राऊटर पहिल्यांदा सुरू होतो, तेव्हा त्याला ना कीबोर्ड असतो ना माऊस. ओहोळच नाहीत, तर तलाव भरणार कसा? तरीही काही उपकरणं सुरू होताच स्वतःची किल्ली बनवून मोकळी होतात.

२०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो किल्ल्या गोळा करून तपासल्या. आरएसए पद्धतीची किल्ली दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी असते. एन्ट्रॉपी कमी पडल्याने वेगवेगळ्या उपकरणांनी त्यातली एक संख्या सारखीच निवडली होती. अशा वेळी दोन्ही गुणाकारांचा मसावि काढला की ती संख्या हाती लागते आणि दोन्ही कुलपं उघडतात. शाळेतल्या या गणिताने सुरक्षित वेबसेवा देणाऱ्या सुमारे ०.५ टक्के मशीनच्या गुप्त किल्ल्या मिळाल्या. त्यांत राऊटर आणि फायरवॉलसारखी उपकरणं बरीच होती.

हार्डवेअरचा कालवा

यावरचा एक उपाय म्हणजे तलावाला बारमाही कालवा जोडणं. सर्किटमध्ये उष्णतेमुळे विजेची अतिसूक्ष्म खळबळ सतत चालू असते आणि तिचा पुढचा हेलकावा सांगता येत नाही. ही खळबळ मोजून आकडे देणारा भाग आता चिपमध्येच बसवतात. इंटेलने २०१२ च्या प्रोसेसरमध्ये तो दिला, लहानशा रास्पबेरी पायमध्येही तो असतो. लिनक्सचा कर्नल किंवा ‘आरएनजीडी’ नावाचा प्रोग्राम हे आकडे घेऊन पूलमध्ये सोडतो.

मग एकट्या चिपवर विसंबायचं का?

नाही. २०१९ मध्ये एएमडीच्या नव्या प्रोसेसरवर काही मदरबोर्डांत गडबड झाली. रँडम आकडा मागितला की दरवेळी तोच आकडा परत यायचा. थेट त्यावर विसंबलेले प्रोग्राम अडखळले, काही लिनक्स सिस्टीम सुरूच होईनात. शेवटी बायोस अपडेट द्यावा लागला.

म्हणूनच कर्नल सगळे स्रोत एकत्र घुसळतो. एक ओहोळ आटला, तरी बाकीच्यांचं पाणी वाया जात नाही.

मामा तलावात आणि या तलावात एक फरक मात्र आहे. पाणी वापरलं की कमी होतं, एन्ट्रॉपीचं तसं नाही. एकदा २५६ बिट खरोखर अनपेक्षित मिळाले, की त्यातून हव्या तेवढ्या किल्ल्या सुरक्षितपणे बनवता येतात. २०२० च्या लिनक्स ५.६ पासून तर पूल एकदा भरला की तो संपल्याचं सांगून प्रोग्रामला थांबवलं जात नाही.

खरा धोका असतो तो पहिल्या काही सेकंदांत, तलाव भरण्याआधी. राऊटर किंवा सीसीटीव्हीचं अपडेट आलं की ते टाळू नये, असं सांगतात त्यामागचं एक कारण हेही आहे. अशा चुकांची दुरुस्ती बहुतेक वेळा त्या अपडेटमधूनच येते.