टेम्पोचे चलन : 'कबूल' म्हणण्यापूर्वी

भिवंडी असो की मालेगाव, कापडाचा धंदा टेम्पोवर चालतो, आणि टेम्पो म्हटला की चलन आलेच. दंड भरला की बला टळली, असे आम्ही व्यापारी समजतो. पण दंड कोणत्या वाटेने भरला, याला महत्त्व आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे किरकोळ गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरता येते. ते भरल्यावर त्या गुन्ह्यासाठी पुढे खटला चालत नाही व कोर्टाची शिक्षाही नोंदली जात नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर तोच गुन्हा पुन्हा घडल्यास आधीची तडजोड पहिला गुन्हा म्हणून धरली जाते. कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, नंतर १,५०० पर्यंत दंड आहे.

कोर्टात उभे राहून 'गुन्हा कबूल' म्हणणे ही वेगळी गोष्ट. तेथे दंड थोडा असला तरी ती शिक्षाच ठरते. चालवण्याचा गुन्हा असेल तर ती ड्रायव्हरच्या नावावर लागते, आणि कलम २० प्रमाणे कोर्ट त्याचे लायसन्सही काही काळ बंद करू शकते. लायसन्स ही त्याची रोजी आहे. म्हणून घाईने त्याला 'कबूल म्हणून टाक' असे सांगू नये.

चलन हाती येताच त्यावरचे कलम वाचावे. ई-चलनाचा फोटो पाहावा. गाडी आपली नसेल तर वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. जादा मालाचा आरोप असेल तर वजनकाट्याची पावती सांभाळावी. कायद्यात त्यासाठी २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. आरोप चुकीचा असेल तर कोर्टात 'नाकबूल' म्हणावे; मग तो सिद्ध करणे सरकारी पक्षाचे काम.

तडजोडीस पात्र प्रकरणे लोकअदालतीत मिटतात; तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्यापूर्वी मजकूर समजून घ्यावा. दारू पिऊन गाडी चालवणे (कलम १८५) तडजोडीत बसत नाही. तेथे वकीलच हवा.

समन्स आले तर ते दडवू नये. गैरहजेरीने वॉरंट निघू शकते. प्रत्येक पावती वहीखात्याइतकीच जपावी.