होई आनच्या बाजारात आपलं पान

व्हिएतनामला निघालो तेव्हा आमच्या सहा जणांच्या ग्रुपचं सगळं लक्ष फोटोंवर. होई आनचे कंदील झाले, मग ‘मी सन’ची शिवमंदिरं. चाम राजांची, विटांची, डोंगरांनी वेढलेल्या दरीत. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात मुख्य मंदिर कोसळलं; २०२० मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याला इथेच नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. तिथे ग्रुप पहिल्यांदाच गप्प बसला.

मी मात्र अडकलो बाजारात. एक आजी नागवेलीची पानं, सुपारी, चुना मांडून बसलेली.

‘‘अबे, हे तं अंजनगावचं पान हाय!’’ मित्र ओरडलाच.

तिकडे म्हण आहे, बोलण्याची सुरुवात विड्यापासून. लग्नाच्या बोलणीला मुलाकडचे पान-सुपारीचं तबक नेतात. म्हणजे तिकडेही सुपारी फुटतेच की!

आजीने एक पान हातावर ठेवलं, पैसे घेईना. भाषेची बोंब. मग मोबाइलवर आमच्या अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्याचा जुना फोटो दाखवला, पांगऱ्यावर चढलेले वेल. ती हसली, फोटोवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. बहुतेक, अजून आहे का?

बाबांनी मळा मोडून संत्रा लावला, त्याला चार वर्षं झाली.

मी मान हलवली. हो म्हणालो.